घरासमोरचे उद्यान: भाव वाढतो कोणाचा, खर्च होतो कोणाचा

दादरच्या शिवाजी पार्कभोवतीच्या कट्ट्यावर सकाळी बसलेल्या माणसांकडे पाहिले, तर त्यांतला कोण समोरच्या इमारतीत राहतो आणि कोण माहीम किंवा प्रभादेवीहून चालत आला आहे, हे ओळखता येत नाही. नेटमध्ये सराव करणारी मुले, फेऱ्या मारणारे ज्येष्ठ आणि वर्तमानपत्र उघडून बसलेले गृहस्थ या सगळ्यांच्या वाट्याला मैदान सारखेच येते. फरक दिसतो तो घर विकण्याच्या वेळी. मैदानाकडे तोंड असलेल्या सदनिकेचा मालक समोरच्या मोकळ्या जागेचा मोबदला आपल्या विक्रीच्या रकमेत घेतो. ते मैदान ज्या करदात्यांच्या पैशांतून राखले जाते, त्यांच्या हाती त्या व्यवहारातून फारसे काही पडत नाही.

यात कोणी कोणाला फसवत नाही. परंतु उद्यानामुळे घरांचे भाव का वाढतात, ते किती अंतरापर्यंत वाढतात, त्या वाढीचा वाटा कोणाला मिळतो आणि उद्यान टिकवण्यासाठी रहिवाशांनी नेमके कुठे आणि केव्हा बोलायचे असते, याची माहिती नसल्यामुळे बरेच नुकसान होते. कोणी रिकाम्या भूखंडाला उद्यान समजून जास्त पैसे मोजतो, तर कोणी उद्यानासाठी जागा राखून ठेवणारे आरक्षण निघून गेल्यावर मोर्चा काढतो.

आधी मैदान, मग घरे

मुंबई महापालिकेने हे मैदान १९२५ मध्ये माहीम पार्क या नावाने लोकांसाठी खुले केले. शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून १९२७ मध्ये त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. सुमारे २८ एकरांच्या या मोकळ्या जागेभोवती आज दिसणाऱ्या जुन्या, ठेंगण्या इमारतींपैकी बऱ्याचशा त्यानंतरच्या दोन दशकांत उभ्या राहिल्या. जवळच्या दादर-माटुंगा भागाची आखणी करताना बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनेही रस्ते, बागा आणि घरे यांचा एकत्र विचार केला होता. पाच उद्याने, म्हणजे आपली फाइव्ह गार्डन्स, हे त्याचेच फळ. हा ट्रस्ट १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झाला. त्या काळच्या आखणीकारांना हवा आणि उजेड हवा होता, कारण दाटीवाटीच्या वस्तीत रोग कसा पसरतो हे शहराने नुकतेच पाहिले होते. घरांच्या वाढीव किमती हा त्यांचा उद्देश नव्हता. त्या नंतर आपोआप आल्या.

किंमत नेमकी कशाची वाढते

घराची किंमत पुष्कळ गोष्टींनी मिळून बनते: चटईक्षेत्र, मजला, इमारतीचे वय, पार्किंग, स्टेशनपासूनचे अंतर, शाळा, पाणी, पुनर्विकासाची शक्यता. या सगळ्या बाबतींत अगदी सारखी असणारी दोन घरे कल्पून पाहावीत, ज्यांतले एक उद्यानासमोर आहे आणि दुसरे नाही. त्यांच्या किमतींतला फरक म्हणजे उद्यानाची किंमत. प्रत्यक्षात अशी जुळी घरे क्वचितच सापडतात, म्हणून संशोधक शेकडो खरेदी-विक्री व्यवहार एकत्र करून प्रत्येक घटकाचा वाटा संख्याशास्त्राने वेगळा काढतात.

अमेरिकेतील अभ्यासक जॉन क्रॉम्प्टन यांनी २००१ मध्ये अशा सुमारे ३० अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांतील बहुतेकांत उद्यानाजवळच्या घरांची किंमत जास्त असल्याचे आढळले. शांत, झाडीच्या उद्यानाला लागून असलेल्या घरांसाठी सुमारे २० टक्के वाढ हा अंदाजाचा आरंभबिंदू मानावा, असे त्यांनी सुचवले. हा परिणाम अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो आणि त्यातला मोठा भाग पहिल्या पाच-सहाशे फुटांतच जाणवतो. याउलट, दिव्यांखाली सामने चालणाऱ्या, गर्दीच्या आणि वाहनांनी वेढलेल्या मैदानाला अगदी खेटून असलेल्या घरांना फायदा कमी होतो, कधी तोटाही होतो, आणि एक गल्ली मागे राहणाऱ्यांना मात्र मैदान जवळही मिळते आणि गोंगाटही टळतो.

या विषयावर बोलताना न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा दाखला हमखास दिला जातो. उद्यानालगतच्या तीन वॉर्डांतील मालमत्तांचे करासाठी ठरवलेले मूल्य १८५६ मध्ये सुमारे २ कोटी ६४ लाख डॉलर होते, ते १८७३ मध्ये सुमारे २३ कोटी ६० लाखांवर गेले. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण तो उद्यानाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी पुढे केलेला होता आणि त्या काळात शहरही त्याच दिशेने झपाट्याने पसरत होते, हे विसरू नये. सगळी वाढ उद्यानाच्या खात्यावर टाकणे बरोबर नाही.

हे परदेशी टक्के उचलून आपल्या शहरांना लावणे तर मुळीच योग्य नाही. मुंबईत स्टेशनपासूनचे अंतर आणि पुनर्विकासात मिळणारे चटईक्षेत्र यांचा भावावर एवढा जोर असतो की उद्यानाचा वाटा त्यात सहज झाकून जातो. ज्याला स्वतः पडताळून पाहायचे आहे त्याने नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहारांचे उतारे, पाहावेत. त्यात व्यवहाराची तारीख, क्षेत्रफळ आणि मोबदल्याची रक्कम असते. एकाच इमारतीतील, एकाच वर्षी विकल्या गेलेल्या, उद्यानाच्या बाजूच्या आणि मागच्या बाजूच्या सदनिकांचा दर चौरस फुटामागे काढून पाहिला, तर दलालाने सांगितलेल्या ‘गार्डन फेसिंग’च्या जादा दरापेक्षा बरेच विश्वासार्ह चित्र हाती येते. नोंदवलेली रक्कम आणि खरी रक्कम नेहमी एकच असते असे नाही, हे धरून चालावे लागते. परंतु दोन्ही बाजूंच्या घरांना ही अडचण साधारण सारखीच लागू असल्याने तुलना बिघडत नाही.

आपल्याकडे उद्यानाच्या किमतीत आणखी एक गोष्ट असते, जी परदेशी अभ्यासांत एवढ्या ठळकपणे येत नाही. समोर उद्यान आहे याचा अर्थ समोर टॉवर उभा राहणार नाही. दहा फुटांवर दुसऱ्याच्या स्वयंपाकघराची खिडकी असलेल्या शहरात ही हमी झाडांपेक्षाही महाग विकली जाते, आणि खरेदीदार सर्वांत जास्त फसतो तो इथेच. खिडकीतून दिसणारी मोकळी जागा ही ताब्यात आलेले सार्वजनिक उद्यान आहे, की आराखड्यावर नुसते आरक्षण आहे, की कोणाच्या तरी नावावरचा रिकामा भूखंड आहे, यावर ती हमी पूर्णपणे अवलंबून असते. ब्रोशरमधल्या चित्रात तिन्ही हिरवेच असतात.

उद्यान जवळ असणे नेहमीच सुखाचे असते असेही नाही. शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी सभांच्या कर्ण्यांविरुद्ध न्यायालयात धाव घेतल्यानंतर २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो परिसर शांतता क्षेत्र मानण्याचा आदेश दिला. मैदानावरच्या लाल मातीची धूळ उन्हाळ्यात भोवतालच्या घरांत शिरते, ही तक्रार तर वर्षानुवर्षे चालू आहे. दिवे बंद, फाटक मोडलेले आणि कोपऱ्यात राडारोडा असलेल्या बागेशेजारचे घर घेताना लोक भाव पाडूनच मागतात. म्हणजे किमतीचा संबंध उद्यान असण्याशी जितका, तितकाच ते राखण्याशी आहे.

वाढलेला भाव कोणाच्या पदरात

उद्यान सार्वजनिक पैशांतून होते आणि वाढ खासगी मालमत्तेची होते. ही वाढ काही प्रमाणात करातून परत घेता येते का, हा नगर नियोजनातला जुना प्रश्न आहे. मुंबईत २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आकारला जातो आणि त्या मूल्याचा पाया रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेले, दर हा असतो. पुण्यात तो अजूनही वार्षिक करपात्र रकमेवर, म्हणजे अपेक्षित भाड्यावर ठरतो. रेडी रेकनरचे दर विभाग आणि उपविभागानुसार असतात. एकाच उपविभागातील उद्यानासमोरची इमारत आणि तीन गल्ल्या आतली इमारत यांचा मूळ दर साधारणपणे एकच राहतो. शिवाय मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. ही माफी माझ्या मते सामान्य कुटुंबांसाठी योग्यच आहे, पण उद्यानाचा खर्च आणि उद्यानाचा लाभ यांची सांगड त्यामुळे आणखी सैल होते.

नगररचना योजनेत मात्र ही सांगड घालण्याची सोय आहे. आपल्याकडे १९१५ च्या बॉम्बे टाउन प्लॅनिंग अ‍ॅक्टपासून हा मार्ग उपलब्ध आहे आणि आजच्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्येही तो आहे. यात एका भागातील सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र धरल्या जातात, प्रत्येकाचा थोडा हिस्सा रस्ते आणि बागांसाठी काढला जातो आणि उरलेले अंतिम भूखंड परत वाटले जातात. योजनेमुळे जमिनीची किंमत जेवढी वाढते, तिच्या जास्तीत जास्त निम्म्यापर्यंत अंशदान मालकाकडून घेता येते. म्हणजे बागेचा लाभ ज्याला होतो, तोच तिच्या खर्चाचा काही भाग उचलतो. शेजारच्या गुजरातने हा मार्ग मोठ्या प्रमाणावर वापरला. महाराष्ट्राने मात्र दीर्घकाळ विकास आराखड्यातील आरक्षणांवरच भर दिला, आणि त्याचे परिणाम पुढे येतीलच.

भाडेकरूचा हिशेब याहून वेगळा आहे. घरमालकाला उद्यानामुळे लाभ होतो, तर भाडेकरूला त्याच कारणाने पुढच्या करारात जास्त भाडे द्यावे लागते. न्यूयॉर्कमधल्या हाय लाइन या जुन्या रेल्वेमार्गावरील उद्यानाचा पहिला टप्पा २००९ मध्ये खुला झाल्यावर भोवतालच्या भागात महागड्या इमारतींची रांग लागली आणि जुन्या, साध्या भाडेकरूंना तिथे राहणे कठीण झाले, यावर तिथे बरेच लिहिले गेले आहे. आपल्याकडच्या जुन्या पागडी पद्धतीच्या भाडेकरूंना भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असते. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला तसे संरक्षण नसते, आणि उद्यानाच्या सुशोभीकरणावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा त्याला सहसा कोणी बोलावतही नाही.

अंतराचाही प्रश्न आहे. शिवाजी पार्क महापालिकेच्या जी उत्तर विभागात येते आणि धारावीही त्याच विभागात येते. त्यामुळे विभागाचे दरडोई मोकळ्या जागेचे सरासरी प्रमाण काढले, तर ते दोन्ही वस्त्यांबद्दल खोटे बोलते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या शहर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. मुंबईतील प्रत्यक्ष उपलब्धता त्याच्या जवळपासही नाही, आणि जी आहे तीही सारखी वाटलेली नाही. आपल्या घरापासून मुलाला एकट्याने चालत जाता येईल एवढ्या अंतरावर बाग आहे का, हा मला सरासरीपेक्षा खरा निकष वाटतो.

उद्यान कागदावर जन्मते आणि कागदावरच मरते

आपल्या शहरांत उद्यानाची सुरुवात विकास आराखड्यातील हिरव्या रंगाने होते. १९६६ च्या अधिनियमानुसार महापालिका साधारण वीस वर्षांसाठी आराखडा तयार करते, त्याचे प्रारूप प्रसिद्ध करते, लोकांच्या हरकती आणि सूचना घेते, नियोजन समितीपुढे सुनावणी होते आणि शेवटी राज्य सरकार मंजुरी देते. आराखड्यात एखाद्या खासगी जमिनीवर उद्यानाचे आरक्षण पडले, म्हणजे ती जमीन महापालिकेची झाली असे नव्हे. मालक तीवर मनासारखे बांधकाम करू शकत नाही, एवढेच. जमीन ताब्यात घेण्याचे काम त्यानंतर सुरू व्हायचे असते. ते पैसे देऊन होते, किंवा मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) अथवा जादा चटईक्षेत्र देऊन होते, किंवा भूसंपादन कायद्याने सक्तीने होते.

त्या अधिनियमातील कलम १२७ उद्यानाच्या आशेवर घर घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही किंवा संपादनाची कारवाईही सुरू झाली नाही, तर मालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर महापालिकेला मिळणारी मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, मग ती बारा महिन्यांची झाली, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर चोवीस महिन्यांची आहे. नोटिशीनंतरच्या त्या मुदतीतही काही घडले नाही, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते, आणि शेजारच्या जमिनीवर जे बांधता येते ते मालकाला इथेही बांधता येते. समजा, एखादा आराखडा जून २०१२ मध्ये अमलात आला. जून २०२२ नंतर मालकाने नोटीस दिली, तर चोवीस महिन्यांनी, म्हणजे २०२४ च्या मध्यानंतर केव्हाही, तिथले उद्यान संपलेले असू शकते. या काळात समोरच्या इमारतीतील रहिवाशांना कोणी पत्र पाठवत नाही. नोटीस मालक आणि महापालिका या दोघांमधली असते.

मालकाची बाजूही लक्षात घ्यावी. स्वतःची जमीन वीस-तीस वर्षे गोठवून ठेवायची आणि मोबदला द्यायचा नाही, हा त्याच्यावर अन्यायच आहे, आणि न्यायालयांनी वेळोवेळी या कलमाची मुदत काटेकोरपणे लावली आहे ती त्यासाठीच. खरी अडचण पैशांची आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरी भागात बाजारभाव आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे साधारण दुप्पट मोबदला द्यावा लागतो. ज्या भागात आधीच चांगली बाग आहे तिथले भाव चढलेले असतात, आणि भाव चढलेल्या भागात दुसरी बाग विकत घेणे महापालिकेला परवडत नाही. उद्यानाने वाढवलेली किंमतच पुढच्या उद्यानाच्या आड येते. म्हणून वस्ती विरळ असताना, जमीन स्वस्त असताना ती घेऊन ठेवण्याला पर्याय नाही. पुण्याच्या वेशीवर नव्याने समाविष्ट झालेल्या गावांत हा प्रश्न आज ऐरणीवर आहे, दहा वर्षांनी तो सुटण्यापलीकडे गेलेला असेल.

आरक्षण बदलण्याचा दुसरा रस्ता १९६६ च्याच अधिनियमातील कलम ३७ चा आहे. उद्यानाच्या जागी दुसरा वापर करायचा असेल, तर किरकोळ फेरबदल म्हणून सूचना प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात येते. तो महिना गेला की नंतरची आरडाओरड बहुधा वाया जाते.

सोसायटीच्या आतली मोकळी जागा हा वेगळाच प्रकार आहे, आणि खरेदीदार त्याची सार्वजनिक उद्यानाशी गल्लत करतात. मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना काही टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. तिलाच सगळे आरजी, म्हणजे रिक्रिएशन ग्राउंड, म्हणतात. मुंबईत १९९१ च्या नियमांनुसार हे प्रमाण भूखंडाच्या आकाराप्रमाणे १५, २० आणि २५ टक्के होते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या जमिनीसाठी ते १० टक्के आहे. ही जागा त्या ले-आउटमधील लोकांसाठी असते, शेजारच्या वस्तीचा तिच्यावर हक्क नसतो. विकासक ती पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर कुंड्या मांडून दाखवू लागले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात नियमाने ठरलेली किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, असा निर्णय दिला. स्लॅबवर वड-पिंपळ वाढत नाहीत आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही, यापलीकडे आग विझवणाऱ्या गाड्यांना वळायला जागा लागते, हे कारणही त्यामागे होते.

रहिवासी कुठे उभे राहू शकतात

न्यायालयापुढे शेजाऱ्यांनी काही म्हणायचा अधिकार तरी आहे का, हा प्रश्न १९९१ मध्ये बंगळूरच्या राजमहल विलास विस्तार भागातील एका भूखंडावरून सर्वोच्च न्यायालयात गेला. सार्वजनिक उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. रुग्णालयही लोकोपयोगीच आहे, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने तो फेटाळला, वाटप रद्द ठरवले आणि त्या वस्तीतील रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क असल्याचे मान्य केले. बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा हा तो खटला. उद्याने आणि मोकळ्या जागांच्या जवळपास प्रत्येक लढ्यात आजही त्याचा आधार घेतला जातो.

मुंबईत चर्चगेटजवळच्या ओव्हल मैदानाची गोष्ट आणखी बोलकी आहे. राज्य सरकारच्या मालकीचे हे मैदान १९९० च्या दशकात कचरा आणि गैरप्रकारांनी भरले होते. समोरच्या आर्ट डेको इमारतींतील रहिवाशांच्या संघटनेने उच्च न्यायालयात दाद मागितली आणि पुढे मैदानाची देखभाल ओव्हल ट्रस्टकडे आली. माती सुधारली, कुंपण झाले, क्रिकेटच्या खेळपट्ट्या टिकल्या. २०१८ मध्ये मैदानाच्या दोन्ही अंगांच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. रहिवाशांनी ताब्यासाठी भांडण्याऐवजी देखभालीची जबाबदारी घेतली, हे त्यातले विशेष.

पण नागरिकांच्या नावाने जे चालते ते सगळेच असे नसते. मुंबई महापालिकेच्या केअरटेकर पद्धतीत मैदाने आणि भूखंड संस्थांना सांभाळायला दिले गेले आणि त्यांच्या काही भागावर बांधकामाची मुभा होती. काही ठिकाणी तिथे क्लब उभे राहिले, सदस्यत्वाचे शुल्क सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेले आणि मैदानाच्या फाटकावर पहारेकरी आला. २०१६ च्या जानेवारीत महापालिकेने नवे दत्तक धोरण मंजूर केले, तेव्हा लोकांनी एवढा विरोध केला की मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली आणि दिलेले भूखंड परत घेण्याची मोहीम सुरू झाली. माझ्या मते यातून एक साधी कसोटी निघते: देखभाल करणाऱ्या संस्थेला बांधकामाचा आणि प्रवेश रोखण्याचा अधिकार नसावा. हे दोन अधिकार काढून घेतले, तर दत्तक घ्यायला येणाऱ्यांची रांग आपोआप कमी होते, आणि जे उरतात ते बहुधा कामाचे असतात.

जवळच्या रहिवाशांचाही मोह असतोच. बाहेरची मुले खेळायला येतात, फेरीवाले फाटकाशी उभे राहतात, दुपारी कामगार बाकांवर झोपतात, म्हणून दुपारी फाटक बंद ठेवण्याची मागणी होते. उद्यानासमोर राहणाऱ्याला उद्यानाचा सर्वाधिक लाभ मिळतो, म्हणून त्याचा आवाज ऐकावा हे खरे. मात्र बांधकामावरचा मजूर ज्या सावलीत भाकरी खातो ती सावली कर भरूनच राखलेली आहे आणि तो करही घर असणाऱ्या चार जणांनीच भरलेला नाही. दुपारच्या कुलपाचा निर्णय सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात नव्हे, तर वॉर्डाच्या बैठकीत व्हायला हवा. क्षेत्रसभांची, म्हणजे परिसरातील मतदारांच्या सभांची, तरतूद राज्याने २००९ मध्ये कायद्यात केली, पण त्या बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिल्या आहेत.

खर्चाच्या बाबतीत बोलण्याचे दिवस ठरलेले असतात. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचनांचे अंदाजपत्रक ही सोय आहे. साधारण पावसाळा सरता सरता अर्ज मागवले जातात आणि बाके, दिवे, पदपथ यांसारखी छोटी कामे प्रभागातून सुचवता येतात. मुंबईत आयुक्त फेब्रुवारीच्या सुरुवातीला अर्थसंकल्प मांडतात, म्हणून वॉर्ड ऑफिसकडे मागणी दिवाळीच्या आधी पोहोचलेली बरी. मार्चमध्ये दिलेले निवेदन ‘पुढील वर्षी विचार करू’ या शेऱ्यासह परत येते, आणि तो शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्याची त्यात फारशी चूकही नसते.

बागेची रोजची अवस्था सुधारायची असेल, तर माहिती अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करून देखभालीच्या कंत्राटाची प्रत मागवावी. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. त्या प्रतीत कामाची व्याप्ती सांगणारे पान सर्वांत उपयोगाचे असते: किती माळी, किती पाळ्यांत पहारेकरी, गवत किती दिवसांनी कापायचे, पाणी कुठून आणायचे, दिवा बंद पडल्यास किती तासांत बदलायचा आणि कसूर झाल्यास दंड किती. ‘बागेकडे कोणी लक्ष देत नाही’ या तक्रारीला उद्यान विभाग सवयीने तोंडभर आश्वासन देतो. ‘कंत्राटात चार माळी आहेत, गेल्या आठवड्यात दोनच आले, बिलातून दंड कापला का’ या प्रश्नाला मात्र लेखी उत्तर द्यावे लागते.

झाडांबाबत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा वेगळा लागू आहे. तोडीच्या प्रस्तावाची नोटीस झाडावर लावावी लागते आणि हरकत घेता येते. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीच्या नावाखाली अर्धे झाड उतरवले जाते, तेव्हा छाटणीची परवानगी पाहायला मागावी.

घर घेणाऱ्यासाठी आणि आधीपासून राहणाऱ्यासाठी एक तपासणी सारखीच महत्त्वाची आहे. समोरच्या बागेचा सिटी सर्व्हे क्रमांक काढून तिची मिळकत पत्रिका पाहावी, किंवा शहराच्या कडेला असेल तर सातबारा पाहावा. धारक म्हणून महापालिकेचे नाव असेल, तर जमीन ताब्यात आलेली आहे. मूळ मालकाचे किंवा विकासकाचे नाव असेल, तर बागेत झोपाळे आणि फलक असूनही हस्तांतरण पूर्ण झालेले नाही. असे बरेचदा होते, कारण ले-आउट मंजूर करताना हमीपत्र घेतले जाते, बाग वापरात येते आणि नाव बदलायचे राहून जाते. वीस वर्षांनी वारसदार विकासकाशी करार करतो तेव्हा तो कागदोपत्री आपल्याच जमिनीबद्दल बोलत असतो. सोसायटीने महापालिकेच्या मालमत्ता विभागाला पत्र द्यावे, मंजूर ले-आउटची आणि हमीपत्राची प्रत जोडावी आणि मिळकत पत्रिकेवर नोंद घेण्याची मागणी नगर भूमापन कार्यालयाकडेही करावी. फेरफार मंजूर झाल्याचा उतारा हाती येईपर्यंत दर काही महिन्यांनी ही फाइल कोणाच्या टेबलावर आहे, हे विचारत राहावे लागते.